पदराची शेवटची चार बोटं

आधीच सांगून टाकतो — असल्या गोष्टी ऐकून हसणाऱ्यांतला मी माणूस आहे. सिन्नरच्या एका कारखान्यात क्वालिटीला आहे, म्हणजे दुसऱ्याच्या कामातली खोट काढायचा मला पगार मिळतो. गेज लावून पाहिल्याशिवाय मी कशावर सही करत नाही. इथे कुणी अनुभव लिहिला की खाली "झोप नीट घेत जा भाऊ" अशी कमेंट टाकणारा तो आगाऊ प्राणी मीच. आता माझी पाळी आली आहे, तर घ्या उट्टं काढून.

मी, बायको सारिका आणि मुलगी नाशिक रोडला राहतो. माझे वडील, अण्णा, येवल्याला. पैठणी विणतात. आमच्या येवल्याच्या घरात पुढची खोली सगळी मागानेच व्यापलेली, माणसांनी आपली कडेकडेने बसायचं. आई आणि अण्णा त्या मागावर शेजारी शेजारी बसून पदर विणायचे. डावीकडे अण्णा, उजवीकडे आई. आई डावरी होती, त्यामुळे दोघांची कोपरं एकमेकांना लागायची आणि त्यावरून दिवसभर कुरबुर चालायची. मी दहावीनंतर त्या मागाला हात लावलेला नाही. मला जमायचंच नाही ते. माझा ठोका कधी घट्ट, कधी सैल. अण्णा म्हणायचे, "तुझं कापड म्हंजी चाळणी हाय."

मागच्या वर्षी आई गेली. सकाळी चहा ठेवता ठेवता खाली बसली, ती उठलीच नाही. त्या वेळी मागावर एक जांभळी साडी होती. अंग विणून झालेलं, पदर निम्मा. पदरात मोरांची रांग, सगळ्या मोरांची तोंडं एकाच दिशेला. आई जायच्या आठवडाभर आधी नक्षीचा कागद वाऱ्याने खाली पडला, तिने तो उचलून उलटा लावला आणि तिच्या बाजूचा एक मोर तोंड मागे करून बसला. अण्णांच्या लक्षात आलं तेव्हा तो पूर्ण झाला होता. उकल म्हणाले तर आई म्हणाली, "राहू द्या. सगळे पुढं पाहतेत, एकानं पाहिलं मागं तर काय बिघडलं?" मी त्या दिवशी तिथेच होतो, म्हणून हे ठाऊक.

आई गेल्यावर अण्णांनी त्या मागावर चादर टाकली. साडी पुरी करेनात, कापून काढू देईनात, दुसरी लावेनात. जेवण निम्म्यावर आलं. आठ महिने हे चाललं. आई गेली ती गेली, आता हेही चालले — असं मला स्पष्ट दिसत होतं आणि मी फार घाबरलो होतो. अण्णांवाचून मला कुणी मोठं उरलेलं नाही.

सारिका म्हणाली, त्यांना दोन दिवस कुठेतरी घेऊन जा, जिथे माग नाही आणि ओळखीचं कुणी नाही. आमच्या बजेटात बसेल अशी जागा शोधता शोधता भोपाळ निघालं. शुक्रवारी संध्याकाळी नाशिक रोडवरून स्लीपरने निघायचं, शनिवार-रविवार शहर पाहायचं, सोमवारी ड्युटीवर हजर. स्टेशनजवळ धर्मशाळेत दोन खाटांची खोली, फिरायला सिटी बस, डब्यात सारिकाच्या दशम्या. राजधानीचं शहर असं म्हटल्यावर अण्णा एवढंच म्हणाले, "राजधानीत माझं काय काम हाय?" पण आले.

शनिवारी त्यांनी पोहे-जिलबी खाल्ली. पूर्ण प्लेट! मी सारिकाला लगेच फोन करून सांगितलं. जिलबी पोह्यांबरोबर खातात यावर त्यांनी अर्धा तास टीका केली, तेही मला बरं वाटलं. जुन्या शहरातल्या गल्ल्या पाहिल्या, पाय दुखले, झोपलो.

रविवारी सकाळी दहाच्या सुमाराला मोठ्या तलावावर गेलो. लख्ख ऊन, बोटींपाशी गर्दी, कणीसवाले, रडणारी पोरं... म्हणजे भयकथेला लागतं त्यातलं काहीही तिथे नव्हतं. आम्ही कठड्याला टेकून उभे होतो. आमच्यापासून दहा-बारा पावलांवर एक बाई बाकावर बसली होती. साठीची असेल. सोबतची मंडळी बोटीची तिकिटं काढायला गेलेली, ती पिशव्या सांभाळत होती. अंगावर जांभळी पैठणी.

अण्णांनी पैठणी पाहिली की थांबायचंच, ती सवय आहे. पण ते थांबले नाहीत, सरळ तिच्याकडे चालायला लागले. मी मागे धावलो. परक्या गावात परक्या बाईच्या पदराकडे टक लावून पाहणारा म्हातारा — मला तर घामच फुटला.

"माफ करना माँजी," मी म्हणालो, "ये बुनकर हैं, येवला से. साडी देख रहे हैं."

ती हसली. "देखिए ना. बहुत पुरानी है. सास की है, चालीस बरस तो हो गए होंगे." आणि तिने पदर उचलून चक्क अण्णांच्या हातात दिला.

साडी खरोखर जुनी होती. घड्यांवर विरलेली, जर काळवंडलेली. पदरात मोरांची रांग. उजवीकडून तिसरा मोर तोंड मागे करून बसलेला.

माझं डोकं लगेच कामाला लागलं. दुसऱ्या कुणाकडूनही अशी चूक होऊ शकते, असं मनाशी म्हटलं.  अण्णांनी पदर उलटा केला, डोळ्यांशी नेला. आई धाग्याची टोकं डाव्या हाताने, उलट बाजूने गुंडाळायची. त्या मोराची टोकं तशीच होती. मलासुद्धा दिसली. त्या मोराच्या पुढे पदर आणखी बराच विणलेला होता, टोकापर्यंत पुरा. अण्णा त्यावरून अंगठा फिरवत पुढे पुढे गेले.

"हे माझं हाय," ते हळूच म्हणाले. "पण मी अजून विणलं नाय."

"अण्णा, चला."

"थांब." अंगठा पदराच्या टोकाशी येऊन अडला. "हितून पुढं माझं नाय. शेवटची चार बोटं दुसऱ्याची हायेत. नवशिक्याचा ठोका हाय... कुठं घट्ट, कुठं सैल." आणि त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

मी त्या बाईला विचारलं, साडी कुणाकडून घेतली होती. तिला माहीत नव्हतं. "शादी में मिली थी सास को. इतना ही पता है." मी फोटो काढू का विचारलं, तिने पदर छान पसरून धरला. मग तिची माणसं हाका मारत आली आणि ती बोटीकडे गेली. मी तिचं नाव विचारलं नाही, नंबर घेतला नाही. रोज शंभर ठिकाणी बॅच नंबर लिहिणारा माणूस मी, आणि हे सुचलं नाही! बोट परत येईपर्यंत थांबू म्हटलं तर अण्णा म्हणाले, "कशाला? पाहून झालं ना."

सोमवारी ड्युटी बुडवली आणि अण्णांना घेऊन थेट येवल्याला गेलो. चादर काढली. साडी मागावर होती तशीच, निम्म्या पदराची, कोरी करकरीत. फोन शेजारी धरला. मोर मोजले, पाकळ्या मोजल्या, काठावरच्या पोपटांची अंतरं पट्टीने मोजली. जिथवर विणलेलं होतं तिथवर एका धाग्याचा फरक नाही. शेजारचे विणकर काका आले, त्यांना काही न सांगता फोटो दाखवला. ते म्हणाले, "ही तुमच्याच मागावरची नाय का? उतरवली कधी?" मग त्यांचं लक्ष मागाकडे गेलं आणि ते चपला घालून निघूनच गेले.

दुसऱ्या दिवशी अण्णा मागावर बसले. फोटो पाहायला तयार नाहीत. "पाहून विणायचं आसतं का?" जेवण सुधारलं, शेजाऱ्यांशी भांडणं सुरू झाली. सारिका म्हणाली, बघ, ट्रिप लागू पडली. मलाही तेच मानायचं होतं. महिन्याभराने मी फोटो लावून पाहिला. जुळत होतं. दोन महिन्यांनी पाहिला, जुळत होतं. एका ठिकाणी अण्णांनी पानाचा हिरवा रंग संपला म्हणून दुसरा हिरवा घेतला होता. फोटोत त्याच पानापासून रंग बदललेला आहे. ते पाहिल्यापासून मी फोटो लावणं सोडून दिलं.

संक्रांतीनंतरच्या एका रविवारी मी गेलो तर अण्णा मागावरून उतरून ओट्यावर बसलेले. आत जाऊन पाहिलं. पदराची चार बोटं राहिली होती.

"माझं झालं," ते म्हणाले. "आता तू बस."

मी बसलो नाही. दुसऱ्याच दिवशी त्यांना नाशिकला आणून डॉक्टरकडे नेलं. रक्त, छातीची पट्टी, सोनोग्राफी, सगळं. डॉक्टर म्हणाले, या वयात इतके चांगले रिपोर्ट क्वचित बघायला मिळतात. अण्णा गाडीत म्हणाले, "पाह्यलं? उगा भितो तू."

"मग चार बोटं तुम्हीच विणून टाका ना अण्णा. हात चालतोय, डोळे चालतात."

"ती माझी नाय," ते म्हणाले. एवढंच. दुकानात दुसऱ्याचा माल चुकून उचलला की माणूस जसा परत ठेवतो, तसं म्हणाले.

आता तुम्ही म्हणाल, योगायोग. म्हणा. मीही वर्षभर स्वतःला तेच सांगतोय. चाळीस वर्षांपूर्वी कुण्या डावऱ्या बाईने तीच चूक केली असेल, तिच्या नवऱ्याचाही तोच हिरवा रंग त्याच पानाशी संपला असेल, शेवट कुण्या अडाण्याने केला असेल. कारखान्यात असा रिपोर्ट कुणी माझ्यासमोर ठेवला असता तर मी तो त्याच्या तोंडावर फेकला असता. माझ्याकडे फोटो आहे, मागावर साडी आहे, आणि खुलासा काहीही नाही.

मी दर रविवारी येवल्याला जातो. अण्णा मागावरची धूळ झटकून ठेवतात, माझ्यासाठी उजवीकडे पाट टाकून ठेवतात. आईच्या जागेवर. मी चहा पितो, इकडचं तिकडचं बोलतो, निघतो. गेल्या रविवारी मात्र त्यांनी हाताला धरलं.

"का बसत नाय रे? तुझ्या आईचं काम हाय ते. असं आर्धं टाकून मला कुठं जाता येतंय का?"

"म्हणूनच बसत नाही, अण्णा," मी म्हणालो.

 त्यांनी माझा हात सोडला, चादर उचलली, दोन टोकं माझ्याकडे दिली, आणि आम्ही दोघांनी मिळून माग झाकला.