पाचपैकी किती?

गुणवत्ता विभागात नोकरी करणाऱ्याला जेवणाच्या टेबलावर विषय कधीच कमी पडत नाहीत. इथे परदेशात, बुओना व्हिस्टाजवळच्या आमच्या खासगी कॉलेजात मी आठ वर्षं 'क्वालिटी' सांभाळते आहे. ती नेमकी काय असते, हे तेवढं विचारू नका!

ते ठरवायला एकदा बैठक बसली. तीन तास चर्चा झाली, व्याख्या काही सापडली नाही. शेवटी आमच्या डायरेक्टर मिसेस लिम यांनी बैठकीच्या दर्जाबद्दल फॉर्म भरून घेतला. सगळ्यांनी पाचपैकी पाच दिले!

* * *

आमच्याकडे काँक्रीट शिकवायला कांबळे सर आहेत. मूळचे नागपूरचे. माणूस सरळ, पण पेपर तपासायला बसला की सख्ख्या भावालाही ओळखणार नाही. त्यांच्या विषयात निम्मी पोरं नापास. एका वर्षी त्यांचं कॉन्ट्रॅक्ट संपत होतं. नवं मिळालं नाही तर एम्प्लॉयमेंट पास, म्हणजे इथे नोकरी करायचा परवाना, जाणार; मग बायकोमुलीसकट सेम्बावांगचा फ्लॅट सोडून परत नागपूरला. मला खरंच काळजी वाटत होती. त्यांना नव्हती, याचा रागही येत होता.

त्यात विद्यार्थ्यांनी त्यांना पाचपैकी दोन दिले. कारण एकच : लॅबमधला एअरकॉन फार थंड!

"डॉक्टर कांबळे, सुधारणेचा प्लॅन द्यावाच लागेल," मिसेस लिम म्हणाल्या.

सरांनी एका ओळीत दिला : 'पुढच्या सत्रात स्वेटर वाटीन.'

तो मंजूर झाला.

* * *

मग सरांच्या वर्गाची सरप्राइज तपासणी. वेळ दुपारी एकची! पोरं जेवायला हॉकर सेंटरवर, म्हणजे खाण्याच्या स्टॉलांवर, गेलेली. जाताना, टेबल अडवायची इथली सवय आहे ना, तशी प्रत्येकानं आपल्या बाकावर टिश्यूची पुडी ठेवलेली. तपासनीस दारातून आत डोकावले, पुड्या मोजल्या आणि रिपोर्ट लिहिला :

'वर्ग पूर्ण भरलेला. शिस्त उत्तम. एकही विद्यार्थी मोबाइलवर नाही.'

मी तो रिपोर्ट जपून फाइलला लावला. सरांच्या नावावर तेवढाच एक चांगला कागद होता हो!

* * *

घरी, इथल्या बोलीत वाढलेल्या लेकीला विचारलं, "चांगला टीचर म्हणजे कसा गं?"

"जो फॉर्म भरायला लावत नाही तो, lah!"

त्या दिवशी मी तिला रोजच्यासारखं वरणाबद्दल मत विचारलं नाही.

* * *

पुढे फतवा निघाला : अभ्यासक्रमात विद्यार्थ्याला काय 'समजलं' ते चालणार नाही, काय 'करता आलं' ते लिहा. डोळ्यांना दिसेल असं.

सरांनी वैतागून लिहिलं, 'विद्यार्थी काँक्रीटचा ठोकळा फोडेल.'

परीक्षेला एकानं ताकद मोजायच्या मशीनमध्ये ठेवायच्या आधीच ठोकळा हातातून पाडला. ठोकळ्याचे दोन तुकडे!

"फुटला ना? मग पास करा," मिसेस लिम म्हणाल्या.

"त्याला नाही, फरशीला पास करतो," सर म्हणाले आणि पोराला नापास केलं. मी कपाळाला हात लावला.

* * *

शेवटी बाहेरचं पॅनेल आलं. सरांचा विषय ठेवायचा की बंद करायचा, ते ठरवणार होतं. विषय बंद म्हणजे सरही बंद. आमच्या नव्या इमारतीत तळमजल्यावर बैठक. अध्यक्ष एक निवृत्त प्रोफेसर बाई, चष्म्यावरून बघणाऱ्या. मी मिनिट्स लिहीत होते.

बाईंनी निकालाचा तक्ता पुढे सरकवला.

"एवढे नापास होतात, मग तुमच्या शिकवण्याचा दर्जा दिसतो कुठे?"

सर शांतपणे म्हणाले, "मॅडम, आपण बसलोय त्या इमारतीचं सगळं काँक्रीट माझ्याच एका विद्यार्थिनीनं तपासून पास केलंय."

खोलीतल्या सगळ्या माना एकदम वर गेल्या. डोक्यावर सात मजले होते.

"तिलाही तुम्ही नापास केलं होतं?"

"हो. दोनदा."

बाई छताकडे बघत राहिल्या. मग मान खाली न करताच त्यांनी विचारलं,

"दोनदाच?"