मंजुरीच्या आक्का

फोन लावण्याआधी आक्का तो पदरानं पुसायच्या. "पुसला की पलीकडचा नीट ऐकतोय," असं त्यांचं म्हणणं. पलीकडचा क्वचितच ऐकायचा, पण पुसणं कधी चुकलं नाही.

कराडच्या एका खासगी हॉस्पिटलात मी बिलिंगला होतो. शेजारच्या टेबलावर आक्का. सरकारी विमा योजनेत आलेल्या पेशंटचे कागद वर पाठवायचे आणि ऑपरेशनची मंजुरी आणायची, हे त्यांचं काम. माहेर माणदेशातलं, मेंढरंवाल्यांचं, सासर कुंडलचं. रोज एसटीनं यायच्या.

तेव्हा योजना एक खासगी कंपनी चालवायची, आक्काही तिच्याच पगारावर. कंपनीला शंका फार. एकदा माणदेशातला एक म्हातारा धनगर हृदयाच्या ऑपरेशनला आला. डॉक्टर म्हणाले, उद्यावर टाकता येणार नाही. कंपनीचं उत्तर आलं : फोटो जुळत नाही. आधारकार्डावर म्हातारा भल्या थोरल्या मुंडाशात होता आणि खाटेवर होतं नुसतं टक्कल.

आक्कांनी फोन पुसला. "साब, आदमी वहीच हाय. मुंडासा निकाल्या तो टकला दिसता."

साहेबांना पुरावा हवा होता. म्हाताऱ्याचं मुंडासं बायको धुवायला घेऊन गेलेली. आक्का तडक वर गेल्या, सिस्टरकडून ऑपरेशनच्या खोलीतलं हिरवं कापड मागून घेतलं आणि दोन मिनिटांत फक्कड मुंडासं बांधलं. फोटो गेला. अर्ध्या तासात मंजुरी आली.

आता म्हातारा मुंडासं सोडेना. "आक्का, मेलो तर आसाच मरू दे. रुबाबात."

"आवं आबा, मी ऑपरेशनची मंजुरी आणलीया. मरायची मागितलीच न्हाई!"

म्हातारा हसला आणि त्यानं स्वतःच मुंडासं सोडलं. आठवड्यानं चालत घरी गेला.

पुढं योजना सरकारनं स्वतःकडे घेतली. आक्कांना नवा ॲप्रन मिळाला. शंका एकदम बंद झाल्या, आणि उत्तरंही. स्क्रीनवर तीन-तीन दिवस एकच ओळ : 'प्रक्रियेत आहे'. एका बाईची किडनीची फाइल अशी अडकली, तेव्हा आक्का डबा घेऊन थेट योजनेच्या साताऱ्याच्या ऑफिसात जाऊन बसल्या.

साहेब म्हणाले, "बाई, हे सगळं ऑनलाइन असतं."

"व्हय साहेब. पर ऑनलाइनला कुणीच न्हवतं, म्हणून हितं आले."

साहेबांनी त्यांच्यादेखत फाइल उघडली. आक्कांनी डबाही तिथंच उघडला आणि मंजुरी निघाल्यावर साहेबांना शेंगदाण्याची चटणी वाढली.

मी एकदा विचारलं, "आक्का, कंपनी बरी की सरकार?"

"कंपनी लय विचारती, सरकार काईच विचारत न्हाई. पेशंट दोनीकडं खाटंवरच."

मग योजना पुन्हा कंपनीकडं गेली. या वेळी कंपनी नवी होती, तिला पदवीधर हवे होते. आक्का बारावी. शेवटच्या दिवशी त्यांनी टेबल पुसलं, माझंही पुसलं, आणि नेहमीच्या एसटीनं गेल्या. डोळे पुसले की नाही, मला दिसलं नाही. त्या पाठमोऱ्या होत्या.

सोमवारी मेढ्याकडची एक म्हातारी आली. टेबलावर नवी मुलगी होती, हुशार आणि नीटनेटकी.

"आवं, हितल्या आक्का कुटं हाईत?"

"टोकन घ्या, आजी."

म्हातारी टोकन हातात धरून तशीच उभी राहिली. रेशनकार्डावर तिचं नाव हौसाबाई होतं, आधारवर हौसाक्का. आत नवऱ्याला सलाईन लावलेलं, आणि एवढ्या फरकावर त्याची मंजुरी अडणार होती. माझ्या जागी तुम्ही असता तर काय केलं असतं, ठाऊक नाही. बिलिंगची खिडकी मी कामाच्या वेळेत कधी बंद केली नव्हती. त्या दिवशी केली आणि म्हातारीचे कागद उचलून, दोन्ही नावं एकाच बाईची असं मोठ्या डॉक्टरांकडून लिहून घ्यायला जिन्याकडं निघालो.

मागून ती धापा टाकत म्हणाली, "तुमी आक्कांचं कोण?"

"शेजारच्या टेबलाचा," मी म्हणालो आणि वर चढलो.