ताईचा मोरपंखी स्वेटर

“ताई गेली,” एवढंच बोलून भाऊजींनी फोन ठेवला, त्याला आता दोन महिने होत आले. माझी थोरली बहीण, देहूरोडची शालनताई. थंडीत स्वेटर विणायचे आणि उन्हाळाभर ते लोकर खाणाऱ्या कसरीपासून वाचवायचे, हा तिचा उद्योग. डांबरगोळ्यांच्या वासानं तिला दम लागायचा, म्हणून त्यांना घरात बंदी. लोकरीचा प्रत्येक कपडा धुऊन, कडक उन्हात उलटसुलट करून, शिवणींवरून ब्रश फिरवून मगच पत्र्याच्या पेटीत जायचा. मधेमधे कडुनिंबाचा वाळलेला पाला आणि वेखंडाच्या पुरचुंड्या. “अंगावरचा तसाच ठेवलास, तर कसरीला जेवायला बोलावलंस म्हणून समज,” हे ती मला दरवर्षी ऐकवायची आणि मी दरवर्षी तोंड वाकडं करायची.

यंदा ते काम माझ्यावर आलं, म्हणून मी देहूरोडला गेले. पेटीचं झाकण उघडलं आणि कसरीचं एक पिवळट पाखरू फडफडत बाहेर आलं. वरच ताईचा मोरपंखी स्वेटर होता, शेवटपर्यंत तिच्या अंगावर असलेला. न धुतलेला, बाहीला भोक पडलेला.

“भाऊजी, हा असाच ठेवलात?”

“तिचा वास हाय त्याला. धुवायचा न्हाई.”

मला संतापच आला. वास जपायचा म्हणून तिनं विणलेलं बाकी सगळं कसरीच्या तोंडी द्यायचं? “खाली नातवंडांचे स्वेटर आहेत, तुमची शाल आहे. चाळण होईल सगळ्याची!” मी जवळजवळ ओरडलेच. ते पेटीच्या कडेवर हात ठेवून बसून राहिले... मीही हटले नाही. आता हे मला घराबाहेर काढणार, असं वाटलं.

मग ते उठले. “मीच धुतो.”

त्यांनी कोमट पाण्यात रिठे कुस्करले. मी बाकीचे कपडे घेऊन गच्चीवर गेले. त्यांना धुताना बघणं मला जमलं नसतं. सगळे झटकून, उन्हात पसरून खाली आले, तर भाऊजी मोरीत उभे, ओले हात नाकाशी धरून. लोकर धुतली की ताईच्या हातांना असाच रिठ्याचा वास यायचा.

पानं वाढली. आयुष्यात कधी चमच्यानं न जेवलेल्या त्या माणसानं हात धुतले नाहीत. वरणभात कालवायला त्यांनी माझ्याकडे चमचा मागितला.