थोरली काय करायची

तयार कपड्यांच्या कारखान्यात आयुष्यभर शर्टांच्या कॉलरी शिवल्या, म्हणून तिला सगळे कॉलरमावशी म्हणायचे. जीभ कात्रीसारखी, मन मात्र मऊ. तिची नात विद्यापीठात गेली तेव्हा पोरगी नेमकं शिकते काय, हे घरात कुणाला धड सांगता येईना. माणसांच्या जमाती, त्यांच्या चालीरीती, बाईच्या वाट्याला काय येतं न् पुरुषाच्या काय, असलं काहीतरी.

"म्हणजे घरात फुकट दिसतं ते फी भरून बघायचं," मावशी म्हणाली.

"हस तू, आजी. तुझीच मुलाखत घेणार आहे. कष्टकरी बायकांवर प्रबंध आहे माझा."

मावशी खुलली. नातीने फोन रेकॉर्डिंगला लावून टेबलावर ठेवला आणि मावशी जी सुटली ती सुटली. मुकादमाला कसं गप्प केलं, पगारवाढीसाठी मशिनी बंद करून बायका कशा बसल्या, सगळं तिखटमीठ लावून सांगितलं. शेवटी नातीने विचारलं, "आणि मोठी आजी काय करायची?"

"ती काय, घरीच असायची," मावशी म्हणाली न् चहाचा कप तोंडाला लावला.

मोठी आजी म्हणजे मावशीची थोरली जाऊ. दोघींचे नवरे गेले, तरी स्वयंपाकघर एकच राहिलं होतं. थोरलीला मूलबाळ नव्हतं. मावशीची दोन्ही पोरं तिच्याच अंगाखांद्यावर वाढली. मावशी कामावरून यायची तेव्हा पोरं न्हाऊन, जेवून, अभ्यास उरकून बसलेली असायची. आपली लेकरं जात्याच शहाणी आहेत, असं मावशी कारखान्यात सांगायची.

पुढे विद्यापीठात मुलाखती ऐकवायचा कार्यक्रम झाला. मावशीने हौसेने थोरलीलाही ओढत नेलं. मुकादमाच्या गोष्टीला सभागृह खो खो हसलं. मग ते 'घरीच असायची' वाक्य आलं. मावशीला शेजारी बघायची हिंमत होईना. टाळ्या झाल्या. थोरलीनेही वाजवल्या, इतरांपेक्षा जरा जास्तच वेळ.

बसमध्ये मावशी कशीबशी म्हणाली, "ताई, मला तसं म्हणायचं नव्हतं गं."

"मग कसं म्हणायचं होतं?" थोरली खिडकीबाहेरच बघत होती. "होतेच की घरी. खोटं कुठं बोललीस?"

चांगली भांडली असती तर बरं झालं असतं.

रविवारी मावशीने नातीला बोलावून घेतलं. "प्रबंध अजून द्यायचाय ना? मग हिचीही मुलाखत घे."

थोरली भाजी निवडत होती. "तिने सांगितलंय तेच राहू दे," म्हणाली, आणि ताट उचलून आत गेली.

"मग मीच सांगते." नातीने फोन चालू केला तशी मावशीने खुर्ची पुढे ओढली. "मी सकाळी डबा घेऊन निघायची. डबा हिनेच भरलेला असायचा. मी गेले की मग..."

"मग काय?"

मावशी अडकली. धाकट्याने पहिलं पाऊल कुठल्या खोलीत टाकलं? शाळेत जाताना रडायचा का? तापात काय मागायचा? तिला नुसती संध्याकाळ ठाऊक होती. दिवस सगळा थोरलीपाशी होता.

"थांबवू का, आजी?"

"राहू दे चालू," मावशी म्हणाली न् आतल्या दाराकडे बघत राहिली.

आत नळाखाली भाजी धुतल्याचा आवाज तेवढा फोनमध्ये जात राहिला.