चार सुया आणि सुलोचनाबाई

सकाळी मेथी निवडत बसले होते, तेव्हा फोन वाजला. श्रीरामपूरहून सुलोचनाबाईंची मुलगी बोलत होती. "काकू, आई गेली. पहाटे, झोपेतच..." एवढंच म्हणाली आणि थांबली. मी विचारायचं ते विचारलं, माती कधी, कोण कोण आलंय. फोन ठेवला आणि राहिलेली जुडीही निवडून टाकली. ह्यांना लगेच सांगितलं नाही. आमच्या ह्यांना आता कमी ऐकू येतं, सगळं मोठ्यानं सांगावं लागतं, आणि असली बातमी ओरडून सांगायला माझी जीभ वळेना. न्याहारी होऊ दिली. मग कानाशी वाकून म्हणाले, "सुलोचनाबाई गेल्या." ह्यांनी चष्मा काढला, मिटून खिशात ठेवला आणि भिंतीकडे बघत बसले. माझा सख्खा भाऊ गेला तेव्हा चष्मा काढला नव्हता. खोटं कशाला सांगू, माझ्या मनात पहिलं आलं ते हेच.

गेलेल्या माणसाबद्दल चांगलं लिहावं म्हणतात. मी चांगलंच लिहिणार आहे, कारण वाईट लिहावं असं तिच्यात काही नव्हतं, आणि माझं दुखणंच ते होतं. तोंडावर मी त्यांना बाई म्हणायची, अहोजाहो करायची. मनात मात्र कायम 'ती'. आता मनातलंच लिहायला बसलेय, तर 'ती'च म्हणू द्या.

एकाहत्तर-बाहत्तरचा सुमार असेल. श्रीरामपूरजवळ बेलापुरात आमच्या ह्यांचं डिझेल इंजिन दुरुस्तीचं दुकान होतं, पुढं दुकान आणि मागं आम्ही. गावात ह्यांना मिस्त्री म्हणत. एक दिवस दारात काळी, लांबलचक, परदेशी मोटार येऊन थांबली. मिशनच्या दवाखान्यातल्या डॉक्टरांची जुनी डिझेल गाडी ती. डॉक्टर मायदेशी गेले आणि गाडी त्यांच्या ड्रायव्हरला, दानियलला देऊन गेले. दानियल तिच्यातून पेशंट न्यायचा, लग्नसराईत नवरदेव न्यायचा. त्या दिवशी गाडी काळा धूर ओकत होती आणि आतून कुणी हातोडी मारतंय असा आवाज येत होता. दानियल उतरला, आणि मागच्या दारानं त्याची बायको उतरली, तीच सुलोचनाबाई. मिशनच्या बायकांसारखं पांढरं पातळ, केस घट्ट बांधलेले, हातात एकही बांगडी नाही. ह्यांनी बॉनेटला हात घातला तोच ती म्हणाली, "भाऊ, तिसऱ्या सिलिंडरचं बिघडलंय."

हे हसले. "बाई, मी अजून बॉनेट उघडलं न्हाई."

"उघडा की. आवाज काही झाकलेला नाही."

दानियल लाजला. म्हणाला, "मिस्त्री, मनावर घेऊ नका, ही घरात माझं घोरणंसुद्धा दुरुस्त करती." ह्यांनी गाडी चालू ठेवून एकेका नळीचा नट सैल करून पाहिला. पहिला सैल केला, आवाज बदलला. दुसरा, बदलला. तिसरा सैल केला तर काही फरकच नाही. म्हणजे खोट तिथंच. ह्यांनी पाना खाली ठेवला आणि तिच्याकडे असं पाहिलं... मी दाराआड उभी होते, माझं लग्न होऊन तीन वर्षं झाली होती, आणि माझ्या कुठल्याच कामाकडे ह्यांनी तसं पाहिलं नव्हतं.

थोडं समजावून सांगते, म्हणजे पुढचं कळेल. डिझेल गाडीला इंजेक्टर असतात, तिच्या गाडीला चार होते. त्यातून डिझेलचा धुक्यासारखा फवारा आत जातो. प्रत्येकाच्या टोकाला नोझल, आणि नोझलच्या पोटात एक पोलादी सुई, आगकाडीपेक्षा थोडी जाड. सुई आणि तिचं घर जोडीनं घडवलेलं, मधे केसाएवढीही फट नसते. धुळीचा कण गेला, सुताचा धागा गेला की सुई अडकते. म्हणून ह्यांनी दुकानाच्या कोपऱ्यात एक बंद खोली केली होती. दाराला ओलं गोणपाट, धूळ येऊ नये म्हणून. आत जायचं तर कोपरापर्यंत साबणानं हात धुवायचे. फडकं वापरायचं नाही, धुतलेलं सामान तसंच निथळू द्यायचं. मला आत जायची बंदी होती. "तुझ्या पदराचे धागे, हाताला पीठ, चुलीचा धूर. तू भायेरच बरी."

आणि त्या खोलीत ती गेली. लग्नाआधी ती दवाखान्यात होती, काचेच्या सिरिंजा उकळायचं काम तिच्याकडे. त्या सिरिंजांचंही असंच, दांडा आणि नळी एकाच नंबरची, अदलाबदल चालत नाही. त्यामुळे ह्यांनी एकदा सांगितलं आणि तिला कळलं. आधी स्वतःच्या गाडीचे इंजेक्टर धुवायला आली, मग ट्रॅक्टरचे, मग आठवड्यातून तीनदा यायला लागली. पितळी ब्रशनं काजळी काढायची, स्वच्छ डिझेलमध्ये सुई बुडवायची, घरात अर्धी सोडायची आणि बघायचं. आपल्याच वजनानं हळू, न थांबता खाली उतरली तर जोडी चांगली. मग हातपंपावर लावून फवारा. नोझल चांगलं असलं की फवारताना चर्र असं बोलतं. ह्यांनी दांडा मारायचा आणि तिनं ऐकायचं. "बोललं?" हे विचारायचे. "बोललं, पण घसा बसलाय," ती म्हणायची. आणि दोघं हसायची. मी गोणपाटाच्या फटीतून चहाचे कप आत सरकवायची. आतून एक हात यायचा, कप घ्यायचा. कधी ह्यांचा, कधी तिचा.

तुम्ही समजता तसलं काही नव्हतं, हे आधीच सांगते. तसलं असतं तर मला भांडता तरी आलं असतं. समोरची गयाबाई नळावर सगळ्यांदेखत म्हणायची, "आत एक बाई, भाईर एक बाई. मिस्त्रीचं बरं हाय." मी म्हणायची, "तुझ्या घरात एकच हाय, तर तुझ्या मालकाचं कुठं बरं हाय?" बायका हसायच्या. घरी येऊन मी कळशी अशी आदळायची की दुकानात आवाज जायचा. मला तिच्या रूपाचा हेवा नव्हता, रूप दोघींचं बेतास बात. हे जेवताना तिच्याविषयी बोलायचे त्याचा होता. "बाईंचा हात म्हणजे..." एवढं म्हणून घास घ्यायचे. माझ्या हाताविषयी कधी वाक्य सुरूसुद्धा झालं नव्हतं.

नाही म्हणायला माझ्या हातातही एक होतं. माझी भांडी. पितळेचा तांब्या मी घासला की त्यात तोंड दिसायचं. गोवऱ्यांची राख वस्त्रगाळ करून ठेवायची मी, त्यासाठी बायका वाटी घेऊन यायच्या. तर एकदा काय झालं, लग्नसराई तोंडावर होती, दानियलनं खर्ड्याच्या एका लग्नाचा नवरदेव ठरवून घेतला होता, म्हणून त्या गाडीचे चारही इंजेक्टर उतरवले होते. हे सायकल स्टँडवर ठेवून एसटीनं शेवगावला एका कापसाच्या जिनिंगचं इंजिन बघायला गेले होते. तिनं सकाळी सगळं सोडवून सुया डिझेलमध्ये भिजत घातल्या आणि मुलीला ताप होता म्हणून घरी गेली. जाताना म्हणाली, "वहिनी, काजळी लई चिवट आहे. भिजू द्या, दुपारी येते."

दुपारी मी गोणपाट उचललं. हात धुतले होते, कोपरापर्यंत. पदर खोचला होता. त्या चार सुया वाटीत काळ्या पडलेल्या, आणि मला वाटलं, हिला सकाळपासून निघत नाही ती काजळी मी घटकेत काढून दाखवते. ह्यांनी येऊन बघावं आणि विचारावं, बाईंनी केलं का? आणि मी म्हणावं, नाही, मी. मी चिमूटभर राख घेतली, थोडं पाणी, आणि एकेक सुई घासली. अशा चमकल्या, काय सांगू, चांदीच्या वाटाव्यात. ताटलीत ओळीनं मांडून ठेवल्या.

ती आली. ताटली पाहिली आणि उभीच राहिली. एक सुई उचलली, डिझेलमध्ये बुडवली, घरात सोडली. सुई अर्ध्यावरच थांबली. तिनं हलवली, तर खरखरली. दुसरी घेतली, तिसरी, चौथी. मग माझा हात हातात घेतला आणि नखांकडे पाहिलं. नखांत राख होती.

"वहिनी, राखेनं ओरखडे पडले. चारही गेल्या."

"नव्या मिळतील की."

"ह्या गाडीच्या इथं नाही मिळत. मुंबईला लिहावं लागेल." मग जरा वेळानं म्हणाली, "खर्ड्याचं लग्न गेलं."

ह्यांचा राग मला माहीत होता. हे हात उगारत नसत, पण एक वाक्य असं बोलत की ते वर्षभर घरात राहायचं. बाहेर ह्यांच्या सायकलची घंटा वाजली. ती माझ्याकडे वळली आणि हळू म्हणाली, "तुम्ही आत जा. तुम्हाला ह्याच घरात राहायचंय वहिनी. मी काय, संध्याकाळी माझ्या घरी जाते."

मी आत गेले. हेच लिहायचं होतं आणि हेच लिहायला पाच आठवडे लागले... मी आत गेले, आणि चुलीपाशी उभं राहून सगळं ऐकलं. ती म्हणाली, "भाऊ, माझ्या हातून चूक झाली. राख लावली मी." ह्यांनी ताटलीतली एक सुई उचलून पाहिली असावी, टणकन आवाज आला. मग हे तिला कधी न म्हटलेलं 'तू' म्हणाले. "दवाखान्यात शिकलीस म्हणून आत घेतली होती. राखच लावायची होती तर घरी तवा घासायचास." तिची पावलं दुकानातून रस्त्यावर गेली. माझ्या हातात त्या वेळी खरंच तवा होता.

त्या दिवसानंतर ती खोलीत आली नाही. दोन महिन्यांनी नोझल आले, ह्यांनी एकट्यानं बसवले, गाडी पुढं बरीच वर्षं चालली. पण दानियलची ती लग्नसराई कोरडी गेली. तिनं मला कधी बोलून दाखवलं नाही. बाजारात भेटली की, "भाऊ बरे आहेत ना?" नाताळात करंज्यांचं ताट यायचं, पारी इतकी पातळ की आतलं सारण दिसावं, आणि मी ते खाताना चिडायची. माणसानं चांगलं तरी किती असावं? माझा अपराध तिनं घेतला, त्यासाठी तिचे पाय धरायला हवे होते. मी धरले नाहीत, उलट मनात म्हणायची, हेसुद्धा हिलाच जमलं.

आणि खोली सुटली तरी काम तिला सुटलं नाही. तिचं घर रस्त्याला लागून. ट्रॅक्टरवाले आमच्या दुकानात येऊन सांगायचे, "मिस्त्री, मिशनच्या वाड्यापुढून आलो, तर वट्यावरच्या बाई म्हनल्या, दुसऱ्याचं टपकतंय, बगून घ्या." हे आधी दुसऱ्याचंच उघडायचे. आणि दुसऱ्याचंच टपकत असायचं. असं कित्येक वर्षं चाललं. दोघं एक शब्द बोलत नव्हती आणि तरी त्या कामापुरती रोज भेटत होती, आणि मी तशीच बाहेर. खोली रिकामी झाली म्हणून मला कुणी आत बोलावलं नाही.

गेल्या आठवड्यात एकदा चार वाजता चहा घेताना मी ह्यांना सांगून टाकलं. पन्नास वर्षं पोटात ठेवलेलं हळू आवाजात सांगायची सोय नव्हती. ओरडून सांगावं लागलं. शेजारचा मिक्सर बंद झाला, म्हणजे त्यांनीही ऐकलं असणार.

"राख?" हे म्हणाले.

"हो, राख."

"तू?"

"मी. त्यांनी नाही."

मला वाटलं आता ते एक वाक्य येईल. मी त्याची तयारी करून बसले होते. ह्यांनी बशीतला चहा परत कपात ओतला. मग विचारलं, "ती काय म्हणाली तुला?" मी सांगितलं, तुम्ही आत जा, तुम्हाला ह्याच घरात राहायचंय, मी संध्याकाळी माझ्या घरी जाते. "पुन्हा सांग," म्हणाले. पुन्हा सांगितलं. का केलंस, इतकी वर्षं कशी गप्प राहिलीस, ह्यातलं मला काही विचारलं नाही.

तेव्हापासून रोज चार वाजता विचारतात. नखं कशी पाहिली, सुई कुठं थांबली, काय म्हणाली. मी पहिल्यापासून सांगते. माझी वाक्यं येतात तोवर माझ्याकडे बघत असतात. तिचं ते वाक्य आलं की डोळे मिटतात. काल मी ते मुद्दाम गाळलं आणि सरळ सायकलच्या घंटेवर आले. ह्यांनी कप खाली ठेवला.

"एक राहिलं," म्हणाले.

मग मी तेही सांगितलं.