आधीच धुतलेले पाय

सालवडच्या आमच्या लहानशा चर्चमध्ये माझी एक गोष्ट अजून सांगितली जाते. फादरांचा हात लागताच माझ्या पायांवरचा जांभळा रंग उतरला आणि घमेल्यातले पाणी रंगले, असे लोक सांगतात. ते साफ खोटे आहे. रंग पुढे तीन आठवडे टिकला. पाय माझे होते, तेव्हा मी सांगतो तेच ग्राह्य धरावे.

ऐंशीच्या दशकातील ही हकिकत. वसई सोडून मी तारापूरच्या एका रंगाच्या कारखान्यात स्टोअरकीपर म्हणून लागलो होतो आणि जवळच सालवडला राहत होतो. दारू नाही, विडी नाही, कोणाच्या वस्तूला हात लावणे नाही. रविवारची मिस्सा कधी चुकवली नाही. प्रभूने शिष्यांचे पाय धुतले त्याची आठवण म्हणून पवित्र गुरुवारी संध्याकाळी फादर बारा पुरुषांचे पाय धुतात. त्या बारांत दरवर्षी पहिले नाव माझे असे. आमच्याकडे रीतच पडली होती की बाराही जणांनी घरून पाय साबणाने धुऊन, टाचा वजरीने घासून यावे. मळके पाय फादरांच्या हाती कसे द्यायचे? ह्यात काही विपरीत आहे, असे आमच्यापैकी कोणाच्याही मनात आले नव्हते.

त्या वर्षी फादरांनी बारावा म्हणून पास्कूला निवडले. तो आमच्याच कारखान्यात रंगाची पिंपे धूत असे. पाय घोट्यापर्यंत कायमचे रंगलेले, आणि संध्याकाळी तोंडाला दारूचा वास. मी फादरांकडे जाऊन स्पष्ट हरकत घेतली. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले आणि नाव बदलणार नाही, एवढेच सांगितले.

गुरुवारी सकाळी मी नेहमीपेक्षा अधिक जोर लावून पाय घासले. मोज्यांचा मळ लागू नये म्हणून बूट न घालता चपलांवर कामाला गेलो. स्टोअरमध्ये बुटांवाचून पाऊल टाकू नये, हा नियम मीच इतरांना बजावत असे. दुपारी एका पिंपाचे झाकण निसटले, जांभळ्या रंगाची पूड ओल्या फरशीवर सांडली आणि मी नेमका तिच्यात उभा होतो. घासून घासून कातडी कोवळी झालेली, रंग आत मुरला. घरी येऊन साबण, लिंबू, घासलेट, सारे झाले, पाय जांभळेच. मी पत्नीला म्हणालो, फादरांना निरोप दे, मला बरे नाही. ते खोटे माझ्या तोंडातून किती सहज निघाले, ह्याचेच मला नवल वाटले.

वाटेत पत्नीला पास्कू भेटला आणि तिने त्याला खरे ते सांगून टाकले. तो तडक आमच्या घरी आला. माझ्या पायांकडे पाहून त्याने हसू दाबले नाही.

"काका, आता आपली जोडी जमली. चला, उशीर होतोय."

हे पाय स्वच्छ झाल्याखेरीज मी चर्चमध्ये पाऊल टाकणार नाही, असे मी त्याला सुनावले. तो उंबऱ्यावर टेकला. त्या दिवशी तो प्यायलेला नव्हता.

"तुमी सगळे घरीच धुऊन येता. मंग फादर काय धुतात?" तो म्हणाला. "मला वाटलं, आपल्या हातानं निघत नाय म्हणूनच तिथं जायचं हाय."

हा टोमणा नव्हता. त्याला खरोखर जाणून घ्यायचे होते. वादात मी सहसा कोणाला हार जात नाही, पण हा प्रश्न माझ्याकडेच वळला. इतकी वर्षे मी प्रभूपुढे कशासाठी बसत होतो? मला तारणारा हवा होता, की माझ्या सद्वर्तनाला एक साक्षीदार? तो प्रश्नच मला चर्चकडे घेऊन निघाला. मी नम्र होऊन तिथे गेलो, असे लोक म्हणतात तेही चूकच.

चर्चमध्ये मी पास्कूच्या शेजारी बसलो. फादर माझ्यापुढे गुडघे टेकून बसले. डाग काढण्याचा त्यांनी प्रयत्नसुद्धा केला नाही. गार पाणी ओतले, टॉवेलने टिपले आणि खाली वाकून त्या जांभळ्या पायावर ओठ टेकले. पाणी स्वच्छच राहिले, मी डोळ्यांनी पाहिले. आधीच्या वर्षांत त्या क्षणी माझे लक्ष लोक पाहताहेत की नाही इकडे असे. त्या संध्याकाळी प्रथमच कळले की माझ्याकडे देण्यासारखे काहीही नसताना मला स्वीकारले जात आहे. हे काय होते, ह्याचे कुतूहल अजून शमलेले नाही.

त्या दिवसापासून पास्कूने दारू सोडली, असेही लोक जोडतात. ईस्टरच्या दुसऱ्याच दिवशी तो पिऊन पाम गावच्या रस्त्याकडेला बसला होता. एरवी मी दुसऱ्या बाजूने गेलो असतो. त्या दिवशी त्याच्या शेजारी जाऊन बसलो. उपदेशाचे एकही वाक्य सुचले नाही. नीतीने वागणे मी तेव्हाही सोडले नव्हते, आजही सोडलेले नाही. पण त्या वागण्याच्या बळावर मी प्रभूच्या दारी उभा नाही, एवढे मला उमगले होते. पास्कूला धरून उठवले आणि घरी पोचवले. वाटेत आम्हा दोघांसाठी मिळून मी प्रभूचे आभार मानले.