नुसता बसून राहणारा कंटेनर

बॉस फोनवर म्हणाला, "आणखी एकदा असं झालं तर घरून काम बंद. चेन्नईला यायचं." आई गेल्यापासून तंजावरच्या आमच्या मराठी घरात अप्पा आणि मी, दोघंच. चेन्नईचं नाव काढलं की अप्पा जेवत्या ताटावरून उठतात.

दोष माझा नव्हता हो! आमचं सॉफ्टवेअर कावेरीकाठच्या छोट्या दवाखान्यांत चालतं. त्याच्या तयार प्रती, म्हणजे इमेज, तिथल्याच मशीनवर असतात. गरज पडली की इमेजवरून कंटेनर, म्हणजे कामाची प्रत, उघडायचा, काम झालं की मोडायचा. डिस्क भरू नये म्हणून नको असलेल्या इमेज रोज आपोआप साफ होतात. नव्या आवृत्तीत ही साफसफाई मेली चेकाळली. 'ठेव' अशी खूण केलेल्या इमेजसुद्धा, कंटेनर दिसला नाही की पुसू लागली. पापनाशमच्या दवाखान्यात पेशंटची रांग, आणि इमेज नेटवरून पुन्हा उतरतेय मुंगीच्या पावलांनी! जुनी आवृत्ती घालायला बंदी. दुरुस्ती कधी येणार, देव जाणे.

त्याच चिडचिडीत अप्पांना तिरुवैयारुच्या बसमध्ये बसवायला गेले. बस नीट थांबायच्या आत अप्पांनी खांद्यावरचा तुंडू खिडकीतून सीटवर फेकला. एवढी झुंबड उडाली, पण त्या पंच्याला कुणी हात लावला नाही. आमच्याकडे तुंडू पडला की ती जागा त्याची, त्यात वाद नाही.

"अय्यो, हेच की!" मी ओरडले. कंडक्टर बघतच राहिला.

घरी येऊन प्रत्येक इमेजवर एकेक कंटेनर बनवून ठेवला, कधीच न चालवायचा. साफसफाई आली, इमेज कुणीतरी धरलीय असं समजून निमूट पुढे गेली. पापनाशमचं काम वेळेवर सुरू झालं. बॉस म्हणाला, "बरं, राहा तिथेच."

संध्याकाळी अप्पांना सगळं समजावलं.

"म्हणजे काम काही नाही, नुसतं बसून जागा धरायची?"

"हो."

अप्पांनी कॉफी संपवून पेला खाली ठेवला. मग म्हणाले, "मलाही तसंच बसवलंयस की गे. माझ्यापायी तू इथे अडकलीस."

मला रागच आला, आणि डोळेही भरले. "काहीतरी बोलू नका अप्पा! तुम्ही आहात म्हणून मी मराठीत भांडते तरी. तुमच्यामागे या गावात कुणाशी भांडू?"